ट्रान्सम दर दोन पावसाळ्यांनी मऊ का पडतो? फायबर बोटीचा डेक आणि मागची फळी नव्याने बांधताना सामानाची निवड

"काजी भाऊ, दोन साल आधी तं पूर्ण नवा केला होता ना, मंग पुन्हा काऊन मऊ होऊन रायला?"

पवनीकडचे एक काका पिकअपवर बोट टाकून वर्कशॉपच्या दारात आले आणि खाली उतरायच्या आधीच त्यांनी हे विचारलं. बोट चौदा फुटी, मागे पंधरा हॉर्सपॉवरचं इंजिन. गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात जाळी टाकायला वापरतात. ट्रान्सम म्हणजे बोटीची मागची उभी फळी, जिच्यावर इंजिन टांगलेलं असतं. ती हाताने दाबली तरी लवत होती. आणि दोन वर्षांपूर्वी ती बसवली होती मीच, त्यामुळे उत्तर द्यायला दुसरं कोणी नव्हतं.

माझं काम हिंगणा रोडवर. मुख्य धंदा कूलरचे टब, पाण्याच्या टाक्या, शाळांच्या घसरगुंड्या. बोटी वर्षाला पाच-सहा येतात. समुद्रकाठच्या गावात बोटीचं काम बिघडलं तर शेजारच्या कारागिराला विचारता येतं. नागपुरात शेजारी कूलरवालाच असतो, आणि कूलरच्या टबाला इंजिन टांगत नाहीत. या एकाच बोटीचा ट्रान्सम मी तीनदा बांधला. पहिल्या दोन्ही वेळा चूक वेगळी होती, तिसऱ्या वेळी काम सुरू असतानाच दोन चुका सापडल्या. दर वेळी मला वाटायचं की फायबर कमी पडलं, म्हणून पुढच्या वेळी दोन थर जास्त मारायचे. थरांचा प्रश्न नव्हताच. पाणी आत कुठून शिरतंय हे मी बघितलं नव्हतं.

आधी ठोकून बघा

ग्राइंडर हातात घेण्याआधी अर्धा दिवस तपासणीला द्या. पाच रुपयांचं नाणं किंवा स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन डेकवर चार-चार बोटांच्या अंतराने ठोकत जा. घट्ट जागी आवाज कोरडा आणि टणक येतो. आत थर सुटले असतील किंवा लाकूड भिजलं असेल तर तो 'भद' असा बसका येतो. बसक्या जागांवर खडूने खुणा करा. सगळ्या खुणा झाल्या की दोन पावलं मागे सरून बघा. खुणा कुठेही विखुरलेल्या नसतात, कशाच्या तरी भोवती गोळा झालेल्या असतात: दोरी बांधायचा क्लीट, सीटचा पाय, रेलिंगचा स्क्रू. पाणी तिथूनच शिरलेलं असतं.

ट्रान्समसाठी इंजिन खाली सोडून त्याचा पंख्याजवळचा भाग धरा आणि मागे-पुढे हलवा. दुसऱ्या माणसाने फळीच्या वरच्या कडेवर नजर ठेवायची. इंजिनासोबत कड लवत असेल, किंवा कोपऱ्यात फळी जिथे बोटीच्या बाजूंना मिळते तिथे केसासारखी भेग उघडझाप करत असेल, तर पुढची परीक्षा करा. आतल्या बाजूने पाच मिलिमीटरच्या ड्रिलने वर, मध्ये आणि अगदी तळाशी भोकं पाडा. ड्रिलला टेप गुंडाळून खोली ठरवून घ्या, म्हणजे बाहेरच्या फायबरला आर-पार जाणार नाही. निघालेला भुसा कागदावर घ्या. फिकट, कोरडा, कुरकुरीत असेल तर लाकूड जिवंत आहे. काळपट, ओला, बोटात चिकटणारा आणि ओल्या पोत्यासारखा वास येणारा असेल तर संपलं. तळ काळा आणि वरचा भाग चांगला, असं बरेचदा निघतं. अशा वेळी मालक म्हणतो, "खालचाच तुकडा बदला ना." बदलू नका. अर्धी जुनी अर्धी नवी फळी इंजिनाच्या झटक्याला जोडावरच तुटते.

डेकखाली फोम भरलेला असेल तर आणखी एक युक्ती. बोट आणताना आणि फोम काढल्यावर परत नेताना, दोन्ही वेळा पिकअप धर्मकाट्यावर घाला. काकांच्या बोटीत ९० किलोचा फरक निघाला. ओतून भरलेला पीयू (पॉलियुरेथेन) फोम वर्षानुवर्षं पाण्यात राहिला की पाणी पितो, आणि मग डेकची खालची बाजू कायम ओल्या उशीवर झोपलेली राहते. वरून कितीही रंग मारा.

गोडं पाणी जास्त वाईट

हे मला फार उशिरा कळलं. लाकूड सडवते ती बुरशी. तिला ओल लागते (लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर), हवा लागते आणि ऊब लागते. मीठ बुरशीला थोडंफार रोखतं, म्हणून खाऱ्या पाण्यातल्या बोटीचं लाकूड तुलनेने टिकतं. आपल्याकडे तलाव गोड्या पाण्याचे, आणि पावसाचं पाणी तर त्याहून गोडं. पूर्ण बुडालेलं खोड सडत नाही, कारण त्याला हवा मिळत नाही. ट्रान्सम मात्र अर्धा ओला, अर्धा हवेत, वर उन्हाने तापलेला. बुरशीला याहून चांगलं घर सापडणार नाही.

त्यात आपली सवय अशी की बोट आंब्याखाली सपाट ठेवायची, ड्रेनचं बूच लावलेलंच राहू द्यायचं आणि जून ते सप्टेंबर तिचा हौद होऊ द्यायचा. ते पाणी नेमकं ट्रान्समच्या पायथ्याशी साचतं.

पहिल्या वेळी: चुकीचा प्लाय

पहिल्यांदा मी दुकानातला १८ मिलिमीटरचा साधा कमर्शियल प्लाय घेतला, दोन थर चिकटवले, वरून काचतंतूंच्या चार मॅट मारल्या. दोन पावसाळ्यांनी प्लायचे पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे सुटले. लाकूड फारसं सडलंही नव्हतं, डिंकच विरघळला होता. घरातल्या फर्निचरचा एमआर प्लाय फक्त दमट हवेपुरता असतो.

बोटीसाठी आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय घ्यायचा. त्याच्या डिंकाला ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात आणि लाकडाला कीड-बुरशीविरुद्ध औषध दिलेलं असतं. आयएस ३०३ हा वेगळा दर्जा आहे, त्यात एमआर आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला तग धरणारा) येतात. नागपूरच्या लाकूडबाजारात, लकडगंजात, "वॉटरप्रूफ आहे साहेब" म्हणून हाच पुढे सरकवला जातो. शिक्का वाचा, परवाना क्रमांक बघा, आणि कापलेल्या कडेकडे नीट पाहा. मधल्या थरांत पोकळी दिसली तर परत करा. ती पोकळी आत पाण्याची नळी बनते.

मात्र उकळत्या पाण्यात टिकतो तो डिंक. कापलेली कड आणि पाडलेलं भोक म्हणजे लाकडाचं उघडं तोंड, तिथे शिक्का कामाला येत नाही. याचीच शिक्षा मला दुसऱ्या वेळी झाली.

मध्येच सागाबद्दल सांगतो, कारण विदर्भातला प्रत्येक मालक ते म्हणतोच: "सीपी सागवान लावा, पैसे घ्या." सागाचा अभिमान मलाही आहे, घराची दारं सागाचीच आहेत. पण फायबरच्या पोटात अखंड सागाची फळी घालणं चूक. सागाला तेल असतं, रेझिन (फायबरला घट्ट करणारं द्रव) त्यावर मनापासून धरत नाही. दुसरं म्हणजे अखंड फळी पावसाळ्यात आडवी फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, वरचं फायबर तिच्यासोबत हलत नाही, आणि सांध्यात भेग पडते. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे असतात, म्हणून तो जागेवर राहतो. साग हवा असेल तर वर पकडायला दांडी करा, छान दिसते.

दुसऱ्या वेळी: प्लाय बरोबर, भोकं चुकीची

आयएस ७१० आणला. सगळीकडून फायबरने बंद केला. मग इंजिनाचे चार बोल्ट, ड्रेनचं भोक आणि फिशफाइंडरचे (मासे शोधायच्या यंत्राचे) दोन बारके स्क्रू, हे सगळं त्या बंद फळीतून ड्रिलने थेट आर-पार पाडलं आणि सिलिकॉन लावून मोकळा झालो. इंजिन थरथरतं, सिलिकॉनची पकड सुटते, बोल्टच्या कडेने थेंब-थेंब पाणी लाकडात जातं. आत जायला वाट असते, बाहेर यायला नसते, कारण बाकी सगळं मी इमानदारीने बंद केलेलं. फळी उघडली तेव्हा ड्रेनच्या भोकाभोवती भाकरीएवढा काळा डाग होता आणि बाकीचा प्लाय ठणठणीत. वर सिलिकॉनने जाताजाता आणखी त्रास दिला. त्याचा अंश जिथे राहिला तिथे पुढचं रेझिन माशाच्या डोळ्यांसारखं फाटत होतं, दीड-दोन इंच जागा घासून काढावी लागली.

उपाय सोपा आहे, फक्त वेळखाऊ. १२ मिलिमीटरचा बोल्ट असेल तर आधी २० मिलिमीटरचं भोक पाडायचं. एका बाजूने टेप लावून ते घट्ट केलेल्या इपॉक्सीने (हार्डनर कालवून वाळणारं रेझिन) पूर्ण भरायचं. घट्ट करायला एरोसिल (बारीक सिलिका) पावडर आणि थोडे कापलेले काचतंतू. दोन दिवस वाळू द्यायचं आणि त्याच्या मधोमध १२ चं भोक पाडायचं. आता बोल्ट लाकडाला शिवतच नाही. उद्या सीलंट निकामी झालं तरी पाणी इपॉक्सीच्या नळीतून बाहेर पडतं. ड्रेनलाही हेच: पाऊण-एक इंचाच्या भोकासाठी दीड इंचाचं पाडून भरायचं. सीलंट सिलिकॉनचं नको, पीयूचं घ्या. बसच्या बॉडीचं काम करणाऱ्यांकडे असतं. फिशफाइंडरच्या स्क्रूंसाठी तर फळीवर छोटा प्लास्टिकचा ठोकळाच चिकटवा आणि स्क्रू त्यात मारा.

लाकूडच नको, फोम चालेल का?

डेकला चालेल, ट्रान्समला विचार करून. ८० किलो प्रति घनमीटरचा पीव्हीसी फोम डेकसाठी उत्तम. १२ मिलिमीटर प्लायचा एक चौरस मीटर साडेसात किलोच्या आसपास भरतो, तेवढाच हा फोम एक किलो. वर-खाली फायबरचे पापुद्रे आणि मध्ये फोम, असं सँडविच केलं की माणूस उभा राहिला तरी डेक लवत नाही. बंदिस्त पेशींचा असल्याने तो सडतही नाही. पण क्लीट, सीट, नांगराची कडी जिथे बसणार तिथला फोम काढून प्लायचा किंवा भरीव फायबरचा तुकडा घालायचाच. नाही तर बोल्ट आवळला की फोम चेपतो, भोवती खळगा पडतो आणि खळग्यात पाणी.

ट्रान्समवर इंजिनाचे क्लॅम्प आवळतात, तिथे तो हलका फोम बिस्किटासारखा चिरडतो. तिथे ४०० किलो प्रति घनमीटर किंवा त्याहून जड, काचतंतू घातलेला पीयू बोर्ड लागतो. तो बाहेरून मागवावा लागतो आणि किंमत ऐकून मालक आधी पाणी मागतो. म्हणून मासेमारीच्या बोटीला मी अजूनही प्लायच घालतो. नीट बंद केला तर टिकतो.

थर्माकोल मात्र कुठेच नाही. माझ्याकडच्या एका पोट्ट्याने डेकखालची जागा भरायला थर्माकोलचे तुकडे कापून बसवले आणि वरून पॉलिएस्टर रेझिन ओतलं. चहा पिऊन येईपर्यंत थर्माकोल गायब, खाली पांढरा चिकट चिखल. पॉलिएस्टरमधलं स्टायरीन थर्माकोलला खाऊन टाकतं. इपॉक्सी खात नाही, पण थर्माकोलमध्ये मुळात ताकद नसते.

रेझिन कोणतं

कूलरच्या टबांसाठी आम्ही जे जीपी (सर्वसाधारण कामाचं) रेझिन वापरतो ते ऑर्थो जातीचं पॉलिएस्टर. स्वस्त, पटकन वाळणारं, ओळखीचं. नवीन साच्यातून बोट काढताना चालतं, आयसो पॉलिएस्टर त्याहून बरं, कारण पाण्याला जास्त टिकतं. पण दुरुस्तीत आपण जुन्या, पूर्ण वाळलेल्या फायबरवर आणि लाकडावर नवा थर चढवत असतो. तिथे पॉलिएस्टरची पकड कच्ची पडते. जुन्या ट्रान्समचं आतलं फायबर मी पटाशीने उचललं तेव्हा ते प्लायवरून लिफाफ्यासारखं निघालं, खालचं लाकूड स्वच्छ.

लाकडाला आणि जुन्या फायबरला धरायचं असेल तर इपॉक्सी. जीपीच्या निदान दुप्पट-तिप्पट पैसे लागतात हे खरं, पण चौदा फुटी बोटीच्या ट्रान्समला लागतं तरी किती? फळी १.२ मीटर रुंद, अर्धा मीटर उंच धरली तर ०.६ चौरस मीटर. ६०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ६०० ग्रॅम) कापडाचा एक थर म्हणजे ३६० ग्रॅम काच आणि साधारण तेवढंच रेझिन. आतून चार थर मारले तर दीड किलोच्या आसपास. त्यात दोन प्लाय चिकटवणं, लाकडाला तीन हात, कोपऱ्यांची पुट्टी आणि भोकं भरणं धरा. पाच-सहा किलोत काम होतं. तिसऱ्यांदा बोट उघडायच्या मजुरीपेक्षा हे स्वस्त.

व्हिनाइल एस्टर मधला मार्ग. पाण्याला चांगलं, पकड पॉलिएस्टरपेक्षा बरी, आणि मॅटसोबत चालतं. अडचण एवढीच की त्याचं आयुष्य थोड्या महिन्यांचं, आणि टिनाच्या शेडमध्ये नागपूरचा एक उन्हाळा काढला की डब्यातच त्याची जेली होते. तारीख बघून, लागेल तेवढंच घ्या.

एक गोष्ट मी आमच्याच धंद्याविरुद्ध सांगतो. रेझिन पुरवून वापरायला त्यात खडूची पावडर घालतात. मूर्तीला, कुंडीला ठीक. बोटीत घालू देऊ नका. ताकद जाते, आणि रेझिन दुधाळ झाल्यामुळे थरात अडकलेली हवा दिसत नाही. चांगला थर ओला असताना जवळजवळ पारदर्शक दिसतो, खालचं लाकूड दिसलं पाहिजे.

आणि जिथे एकदा इपॉक्सी लागली तिथे वर पॉलिएस्टर किंवा त्याचा जेलकोट (वरचा रंगीत थर) मारायच्या भानगडीत पडू नका, पकड भरवशाची नसते. उलट चालतं: घासलेल्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी छान बसते. इपॉक्सीवर शेवटी दोन भागांचा पीयू पेंट मारायचाच, कारण उन्हात उघडी इपॉक्सी पिवळी पडून खडूसारखी झडते.

मॅट की कापड: तिसऱ्या वेळची पहिली चूक

तिसऱ्यांदा मी शहाणा होऊन इपॉक्सी आणली आणि सवयीने तिच्यासोबत घरातली ४५० जीएसएमची चॉप्ड मॅट वापरायला काढली. मॅट भिजेना. रोलर फिरवून हात दुखले तरी पांढरे तंतू तसेच, कोपऱ्यात वळेना, स्प्रिंगसारखी उठून येई. कारण साधं आहे. मॅटमधले तुकडे एकमेकांना धरून ठेवायला जो डिंक असतो तो स्टायरीनमध्ये विरघळतो. पॉलिएस्टर आणि व्हिनाइल एस्टरमध्ये स्टायरीन असतं, म्हणून मॅट लगेच मऊ पडते. इपॉक्सीत स्टायरीन नाही. ओला थर तसाच सोलून फेकला आणि नवं कापड येईपर्यंत काम थांबवलं.

इपॉक्सीला शिवलेलं बायअॅक्सिअल कापड घ्या. यात धागे ४५ अंशात दोन दिशांनी, एकमेकांवर सरळ पडलेले असतात आणि दोऱ्याने शिवलेले असतात. ट्रान्समचा कोपरा बोटीच्या बाजूंना जोडताना ताण तिरपाच येतो, म्हणून ४५ अंश तिथे नेमके कामाला येतात. पाठीला मॅट शिवलेल्या जातीचंही कापड मिळतं, पण इपॉक्सीसाठी विनामॅटचं मागा. शेवटचा गुळगुळीत थर हवा असेल तर २०० जीएसएमचं साधं विणलेलं कापड.

पॉलिएस्टरमध्येच काम करायचं असेल, बजेटच तेवढं असेल, तर मॅट आणि वोव्हन रोव्हिंग (जाड विणीचं काचकापड) आलटून-पालटून: मॅट, रोव्हिंग, मॅट. रोव्हिंगवर थेट रोव्हिंग मारू नका. दोन जाड विणींच्या मध्ये नुसतं रेझिन राहतं आणि थर तिथून सुटतो. मॅटला तिच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन लागतं, रोव्हिंगला साधारण सारखं. मॅटचा थर पटकन जाड होतो (४५० चा एक थर एक मिलिमीटरच्या जवळपास), म्हणून डोळ्याला दणकट दिसतो. पण त्या जाडीत काच कमी आणि रेझिन जास्त असतं. पावसाळ्यात ठेवलेली मॅट हवेतली ओल धरते. वापरण्याआधी दोन तास उन्हात टाका.

ऊन, आणि कूलर

पॉलिएस्टरला कॅटॅलिस्ट (रेझिन पिकवणारं रसायन) एक ते दोन टक्के, म्हणजे किलोला १० ते २० ग्रॅम. मे महिन्यात ४५ अंशांत दुपारी डबा हातात घट्ट होतो, मग पोट्टे कॅटॅलिस्ट अर्धं करतात. तसं करू नका. एक टक्क्याच्या खाली गेलं की थर वरून वाळल्यासारखा दिसतो आणि आतून कधीच पुरता पिकत नाही. त्यापेक्षा पहाटे साडेपाचला सुरू करा, अर्ध्या-अर्ध्या किलोचं रेझिन कालवा, बंद डबा आदल्या रात्रीपासून सावलीत पाण्याच्या टोपल्यात ठेवा. इपॉक्सीत तर हार्डनरचं प्रमाण ठरलेलं असतं, ते कमी-जास्त करायचंच नाही. हार्डनर संथ जातीचा घ्यायचा आणि कालवल्याबरोबर पसरट ट्रेमध्ये ओतायचं. उंच मगात ठेवलेली इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने धूर काढते.

तिसऱ्या वेळची दुसरी चूक मला हसवते आणि रडवतेही. भर उन्हाळ्यात, हवा कोरडी ठणठणीत असताना, इपॉक्सीवर सकाळी मेणासारखा चिकट थर यायचा. पावसाळ्यात येतो हे ठाऊक होतं, पण मेमध्ये? हार्डनर बदलला, वजनकाटा तपासला. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं: पोट्टे रात्रीचं काम संपवून तिथेच झोपायचे आणि मोठा कूलर बोटीकडे तोंड करून सुरू ठेवायचे. वाळ्याच्या टट्ट्यांतून येणारी गार, ओली हवा रात्रभर कच्च्या इपॉक्सीवर. हार्डनरमधले अमाइन त्या ओलाव्याशी आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून तो थर बनवतात. त्यावर पुढचा थर मारला की तो सुटणार हे नक्की.

तो थर साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या चोथ्याने निघतो. थिनरने पुसू नका, आधी पॉलिश पेपरने घासूही नका, त्याने तो आत दाबला जातो. आधी धुवा, कोरडं करा, मग पॉलिश पेपर. आणि काम सुरू असताना कूलर दुसऱ्या खोलीत. पंखा चालेल.

लाकडाला इपॉक्सीचा पहिला हात मात्र पहाटे नको, संध्याकाळी द्या. सकाळी लाकूड तापत जातं, आतली हवा फुगून बाहेर येते आणि थरात बुडबुडे उठतात. संध्याकाळी लाकूड थंड होत असतं, हवा आक्रसते आणि रेझिन आत ओढलं जातं. प्लाय एप्रिल-मेमध्ये सर्वांत कोरडा असतो, तेव्हाच कापून, कडांना तीन हात देऊन ठेवावा आणि बसवायचं काम हवं तर नोव्हेंबरमध्ये करावं. मी आता असंच करतो.

डेकचा रंग पांढरा किंवा फिकटच ठेवा. खोलीच्या तापमानाला वाळलेली बरीचशी इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास नरम पडायला लागते. गडद निळा डेक मेच्या उन्हात त्याच्या पुढे सहज जातो. एका गृहस्थांनी हौसेने काळा मारून घेतला होता. उन्हाळा संपला तेव्हा खालच्या कापडाची वीण वरून मोजता येत होती.

बसवताना

जुनं फायबर नव्या थराच्या कडेपाशी एकदम कापू नका, उतार द्या: पाच मिलिमीटर जाडी असेल तर सहा सेंटिमीटर लांब उतार, म्हणजे बारापट. दोन्ही प्लाय एकमेकांना घट्ट इपॉक्सीने चिकटवा, मध्ये कोरडी जागा राहू देऊ नका, क्लॅम्पने फार पिळून सगळी इपॉक्सी बाहेरही काढू नका. एकूण जाडी दीड इंचाच्या जवळपास हवी, पण इंजिनाचा क्लॅम्प आधी मोजा. उंचीही जुन्या फळीवरून पुठ्ठ्याचा साचा काढूनच घ्या. इंजिनाच्या आखूड शाफ्टला १५ इंच आणि लांब शाफ्टला २० इंच असा फरक असतो. कोपऱ्यात चाळलेला लाकडाचा भुसा आणि एरोसिल घातलेल्या इपॉक्सीची गोलाई द्या. काचेच्या कापडाला काटकोन आवडत नाही, तिथे खाली पोकळी राहते. गोलाईवर पहिला थर अरुंद, पुढचा त्याहून रुंद. एका दमात तीन-चार थरांच्या वर जाऊ नका, तापतं.

गॉगल लावाच. कॅटॅलिस्टचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. गेलाच तर पंधरा मिनिटं पाण्याखाली धरून सरळ दवाखाना. कोबाल्ट (रेझिन लवकर वाळवणारं द्रव) आणि कॅटॅलिस्ट थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग कॅटॅलिस्ट.

तरीही मऊ पडला तर

तर पहिलं संशयित ड्रेनचं भोक, दुसरं इंजिनाचा खालचा बोल्ट, तिसरं फळीची वरची कड, जिथे क्लॅम्पने रंग खरवडलेला असतो. त्या कडेवर मी आता अॅल्युमिनियमची पट्टी बसवतो, खाली पीयू सीलंट. डेकवर पुन्हा बसका आवाज आला तर नंतर कोणी नवीन स्क्रू मारलाय का ते विचारा. मालक "नाही" म्हणतो. मग बायको सांगते की छत्रीचा पाइप बसवला होता.

काकांच्या बोटीला आता तिसरा पावसाळा झाला. परवा फोनवर म्हणाले, "नाणं ठोकून पायलं भाऊ, टक वाजते." बूच काढून ठेवता का, नाळ (बोटीचं पुढचं टोक) उंच करून ठेवता का, हे मी विचारलं. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आता जाऊन काढतो ना जी."